आधी माप, मग वर्गणी

(गणेशोत्सवाच्या तयारीसाठी जमलेल्या मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर एका आईने केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

नमस्कार. वर्गणी कशी काढायची हे तुम्हाला सांगायला मी आलेले नाही, त्यात तुमचा हात कोण धरणार! अपंग मुलासाठी वर्गणी काढायची ठरली, तर पावती पुस्तक उघडण्याआधी काय करायचं, तेवढंच सांगते.

माझ्या लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाल आणि तोल सांभाळणं तिला अवघड जातं. ती चार वर्षांची असताना आमच्या गल्लीतल्या मुलांनी उत्सवातून उरलेल्या पैशांत तिच्यासाठी व्हीलचेअर आणली. आरती झाल्यावर मांडवात सगळ्यांसमोर तिला त्यात बसवलं, माझे डोळे भरून आले. त्या मुलांची माया खरी होती आणि आजही मी त्यांची ऋणी आहे. पण खुर्चीची बैठक होती 18 इंच रुंद आणि लेक कमरेत 9 इंच. दोन्ही बाजूंना उशा लावल्या, पाठीमागे गोधडीची गुंडाळी ठेवली. दहा मिनिटांत ती घसरून एका अंगावर कलायची. पाय अधांतरी लोंबायचे. घास भरवताना मान मागे जायची आणि ठसका लागायचा. आठ महिन्यांनी फिजिओथेरपिस्ट मॅडमनी तिच्या पाठीवरून बोट फिरवून दाखवलं, कणा डावीकडे झुकायला लागला होता. मला वाटत होतं लेक बसायला शिकतेय.

त्या दिवशी मॅडमनी शिंप्याकडे असते तशी टेप काढली. लेकीला बाकावर बसवून मी मागून धरलं आणि त्या एकेक माप लिहीत गेल्या. कमरेची रुंदी. पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत. गुडघ्यापासून टाचेपर्यंत. बैठकीपासून काखेपर्यंत, मग खांद्यापर्यंत. कंबर मागे टेकलेली हवी, गुडघे काटकोनात हवेत आणि पावलं पूर्ण टेकलेली हवीत. सगळा जोर तोल सांभाळण्यात गेला तर हात कुठून मोकळे होणार? हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये व्हीलचेअरबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात योग्य खुर्चीची ओळख हीच दिली आहे: वापरणाऱ्याच्या मापाला बसेल, शरीराला नीट आधार देईल, तो राहतो त्या जागेत चालेल आणि आपल्याच देशात दुरुस्त होईल. जागा म्हणजे आपला उंबरठा, आपला बोळ, गटारावरची फरशी. पुढची बारकी चाकं त्या फरशीच्या फटीत अडकतात, हे दुकानात कळत नाही.

मापं झाली की अंदाजपत्रक घ्या. आमच्या वेळी मापाची सीपी चेअर (सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची आधाराची खुर्ची), पुढचा ट्रे, छातीचा पट्टा, दोन मांड्यांमधला ठोकळा आणि पायाचे स्प्लिंट (पाय नीट धरून ठेवणारे आधार) मिळून 34,000 रुपये झाले. पण घरोघरी लगेच जाऊ नका, कारण यातला काही भाग मुलाच्या हक्काचा असतो. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर आधी ते काढायला मदत करा. त्यासाठी बापाला मजुरी बुडवून जिल्ह्याच्या गावी खेटे घालावे लागतात. तुमच्यापैकी एकजण मोटरसायकलवर बरोबर गेला तरी ती मोठी देणगी आहे. ग्रामपंचायत असो की नगरपालिका, स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवणं तिला बंधनकारक आहे. दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची एडिप योजना आहे. कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची साधनं शिबिरांतून मिळतात, पहिल्या शिबिरात तपासणी आणि नंतरच्या शिबिरात वाटप. मूल शाळेत असेल तर समग्र शिक्षा अभियानातल्या विशेष शिक्षकांना गाठा. आमच्याकडे एका कार्यालयात कागद पाच महिने पडून होता. मंडळाचे चार कार्यकर्ते जाऊन शांतपणे समोर बसले आणि त्या आठवड्यात सही झाली. तुमचं वजन तिथे वापरा.

मग उरलेल्या रकमेसाठीच वर्गणी. आम्हाला 34,000 पैकी 19,000 कमी पडत होते आणि आम्ही 19,000च मागितले. फळ्यावर अंदाजपत्रक लावलं, रोज संध्याकाळी जमा लिहिली, रक्कम पुरी झाल्यावर पुस्तक बंद केलं. उत्सवासाठी धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी काढता, तशीच या कामासाठीही रीतसर विचारून घ्या. करसवलतीची पावती मागणाऱ्या दुकानदाराला, तुमची संस्था त्यासाठी नोंदलेली नसेल, तर स्पष्ट नाही म्हणा. परदेशाचं नागरिकत्व घेतलेल्या नात्यागोत्यातल्या मराठी माणसांनाही मदत करायची असते. पण विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी नसेल तर मंडळाच्या खात्यात ते पैसे घेऊ नका.

आणि फोटो. हे मी कळकळीने सांगते. पहिली खुर्ची दिली तेव्हा बॅनरवर लेकीचा जमिनीवर पडलेला, लाळ गळणारा फोटो होता. आज ती वाचते. तो फोटो कोणाच्या तरी मोबाईलमध्ये असणार आणि एक दिवस तिच्यासमोर येणार, या विचाराने मला झोप लागत नाही. दुसऱ्या वेळी आम्ही फळ्यावर खुर्चीचं चित्र काढलं आणि खाली लिहिलं, "हिला ताटावर स्वतः जेवायचं आहे." 19,000 अकरा दिवसांत जमले.

खुर्ची आली त्या दिवशी वरणभात केला होता. पट्टा लावला, पावलं टेकली. मी घास उचलणार तोच तिचा उजवा हात ट्रेवर सरकत ताटापर्यंत गेला. बोटं भातात बुडाली. तोंडापर्यंत जाईस्तोवर चार शितं उरली, ती तिने चाटली. मग परत. जेवायला पाऊण तास लागला. सासूबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "राहू दे, तिला तिच्या हातानं खाऊ दे."

खर्च तिथे संपत नाही, कारण मूल वाढतं. स्प्लिंट वर्षभरात आखूड होतात, म्हणून वर्गणी काढताना दुरुस्तीचे आणि पुढच्या मापाचे थोडे पैसे त्याच हिशोबात धरा. एडिपमध्येही बारा वर्षांखालच्या मुलाला तेच साधन वर्षभराने पुन्हा मागता येतं, मोठ्यांना तीन वर्षं थांबावं लागतं. हे कित्येक आईबापांना माहीतच नसतं.

लेकीची कंबर आता 11 इंच भरते. त्या खुर्चीचं माप वाढवायचं शेवटचं भोकही गेल्या दिवाळीत वापरून झालं. तिला नवी मिळाली आहे, जुनी मी धुऊन, पट्टे बदलून ठेवली आहे. 8 ते 10 इंच कमरेच्या मुलाला ती बसेल. तुमच्या वॉर्डात असं मूल असेल तर भाषण संपल्यावर मला येऊन सांगा. मॅडम पुढच्या रविवारी मोकळ्या आहेत, टेप घेऊन आपण त्यांच्याबरोबर घरी जाऊ.