गोधडीची कड : उरेब पट्टी आणि मशीनची शिलाई

निफाडकडच्या द्राक्षबागांवर थंडी उतरली की नाशिकमध्येही घरोघरी माळ्यावरच्या गोधड्या खाली निघतात, आणि उन्हात टाकलेली एखादी जुनी गोधडी नीट पाहिली, तर मधले धावदोरे शाबूत असताना तिची कड मात्र विरलेली आढळते. पांघरूण ओढताना हात कडेलाच जातो आणि पिळताना ताणही कडेलाच बसतो. गोधडी किती वर्षे टिकणार, हे कडेला लावलेली पट्टी ठरवते.

पंचवटीतल्या या शिवणघरात ६० बाय ९० इंचांची गोधडी मशीनवर घेतली आहे. पट्टी उरेब आहे, म्हणजे कापडाच्या किनारीशी ४५ अंशांचा कोन करून कापलेली आहे. सरळ पट्टीची घडी जवळजवळ एकाच धाग्यावर पडते आणि तो धागा झिजला की कड लांबपर्यंत फाटत जाते. उरेब पट्टीच्या घडीवर असंख्य धागे तिरके येत असल्याने झीज त्या सर्वांत वाटली जाते. कापड थोडे वाया जाते, हे खरे. परंतु रोजच्या वापरातल्या गोधडीसाठी ते जाऊ द्यावे, असेच आमचे मत आहे.

हिशेब सोपा आहे. घेर ३०० इंच, त्यात जोड आणि कोपऱ्यांसाठी १२ इंच मिळवले की ३१२ इंच होतात, आणि अडीच इंच रुंदीची एवढी पट्टी ३० इंचांच्या चौरस सुती कापडातून निघते. तुकडे एकमेकांवर काटकोनात ठेवून तिरक्या शिलाईने जोडले जातात, म्हणजे जोडाची जाडी एके ठिकाणी साचत नाही. इस्त्री घासत नेली तर उरेब ताणला जातो, म्हणून ती उचलून उचलून दाबली जाते.

लांबीत दुमडलेली ही दुहेरी पट्टी आधी गोधडीच्या उलट बाजूला बसते. सुरुवातीला दहा इंचांचे टोक मोकळे सोडून कडेपासून तीन सूत (आठ सुतांचा एक इंच) आत शिलाई धरली आहे. सुई सोळा नंबरची आहे आणि टाका नेहमीपेक्षा मोठा आहे. मशीनचे दाते खालचा थर पुढे ओढतात आणि वरचा मागे रेंगाळतो, त्यामुळे जाड गोधडीवर पट्टीला चुण्या पडतात. वॉकिंग फूट, म्हणजे वरचा थरही दात्यांनी पुढे सरकवणारा मशीनचा पाय, लावला की दोन्ही थर सारख्याच वेगाने सरकतात.

कोपऱ्यावर मात्र घाई चालत नाही. कड तीन सूत उरली असताना शिलाई थांबते, दोरा तोडला जातो, पट्टी ४५ अंशांत वर दुमडली जाते आणि पुन्हा सरळ खाली आणली जाते, ती अशी की वरची घडी गोधडीच्या कडेशी तंतोतंत जुळावी. पुढची शिलाई त्या कडेपासूनच सुरू होते. पट्टी सुलट बाजूला वळवल्यावर येथेच तिरकी, सपाट घडी आपोआप बसते. शेवटी दोन्ही टोके पट्टीच्या रुंदीइतकी, म्हणजे अडीच इंच, एकमेकांवर चढवून कापली जातात आणि त्याच तिरक्या शिलाईने जोडली जातात.

आता पट्टी सुलट बाजूला घेऊन पहिली शिलाई जेमतेम झाकली जाईल अशी चिमट्यांनी धरली आहे, आणि घडीच्या अगदी काठावरून दुसरी शिलाई पडते आहे. हाताची तुरपाई देखणी असते, यात शंका नाही. पण वारंवार धुतल्या जाणाऱ्या गोधडीला मशीनचा टाका अधिक पुरतो. वरचा दोरा पट्टीच्या रंगाचा आणि बॉबिनचा गोधडीच्या मागच्या कापडाच्या रंगाचा घेतला आहे, कारण ही शिलाई मागे पट्टीच्या लगत उमटते. गोधडी मशीनवरून काढल्यावर कड बोटांनी चाचपली जाते, आणि घडी जेथे टाक्यातून निसटली असेल तेवढाच भाग उसवून पुन्हा शिवला जातो.