खुराड्याखालची घूस

[पडद्यावर अंधार. कौलांवरून पागोळ्या पडल्याचा आवाज. मग लांबून कंदिलाएवढा एक दिवा हलत येतो.]

काकीच्या मते अंडी मोजू नयेत, बरकत जाते. पण त्या आषाढात मोजावीच लागली. खुडूक बसलेल्या कोंबडीखाली नऊ अंडी ठेवली होती. चौथ्या दिवशी कोंबडी चरायला उठली तेव्हा खाली पाच होती. कोंबडी शांत. पिसं कुठे उडालेली नाहीत, रक्त नाही, टवके नाहीत.

हे घर मये गावातलं, गोव्याच्या डिचोली तालुक्यात. चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, जुनं घर, मागे परस, परसात चार माड आणि एक फणस, पलीकडे मांगर, म्हणजे सामानाची खोप, आणि मांगराच्या भिंतीला टेकवलेलं खुराडं. अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा. सगळ्या गावठी. त्यांची अंडी विकायची नसतात. ती मुंबईहून येणाऱ्या नातवंडांसाठी असतात, आणि नातवंडं आली नाहीत तर शेजाऱ्यांसाठी.

पहिला संशय मुंगसावर गेला. मुंगूस खुराड्यात शिरलं तर एखादी कोंबडी तरी मानेला धरून मारतं, आणि अंडं जागीच फोडून खातं. तसं काही नव्हतं. मग धामण. साप अंडं अख्खं गिळतो, मागे टरफलसुद्धा उरत नाही, म्हणून तिच्यावरचा आळ दोन दिवस टिकला. शेजारच्या बोक्याला तर काही पुरावा नसतानाच दोन धोंडे बसले.

[जवळून: खुराड्यामागची भिंत. लाल मातीचा ओला ढीग.]

हा ढीग काकीने रोज पाहिला होता. कोंबड्यांनी उकरलं असेल असं तिला वाटत होतं. कोंबडी उकरते ती पसरून, पायांनी मागे उडवत. ही माती मात्र एका जागी ओतल्यासारखी होती, बारीक, गोळ्यागोळ्यांची. काठीने ढीग सारला तर खाली मूठ जाईल एवढं भोक. ढिगातच अंड्याचं अर्धं टरफल सापडलं. त्याच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते पडले होते.

"घूस गे बाय," काकी स्वतःलाच म्हणाली. "आणि मी त्या बोक्याला मारलं."

घूस आणि उंदीर यांना आपण एकाच नावाने शिव्या घालतो, पण दोघांचे मार्ग वेगळे. काळा उंदीर वरचा प्रवासी. तो कौलांत राहतो, वाशांवरून धावतो, माडावर चढतो आणि कोवळ्या नारळाला देठाजवळ भोक पाडून आतलं पाणी-खोबरं खातो. सकाळी माडाखाली भोक पडलेले बोंडे, म्हणजे कोवळे नारळ, दिसले की समजायचं. घूस खालची. ती जमीन पोखरते. मोठी घूस अर्ध्या किलोच्या वर भरते, डिवचली तर अंगावरचे राठ केस उभे करून गुरगुरते. चिऱ्याचा दगड तिला फोडता येत नाही, पण जुन्या घरांत चिऱ्यांच्या सांध्यात चुना किंवा नुसती माती असते. दगडापेक्षा सांधा महत्त्वाचा, हे तिला गवंड्याइतकंच ठाऊक.

पावसाळ्यातच ही मंडळी का येतात, याचं उत्तर परसाच्या पलीकडे आहे. गोव्यात वर्षाला तीनेक हजार मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. शेतात पाणी चढलं की बांधातली बिळं बुडतात. मग उंच आणि कोरडी जागा कोणती? घराचा चौथरा, मांगर, खुराडं. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेली, लाकडं भिंतीला रचून ठेवलेली, शेजारी नारळाच्या सोडणांचा ढीग, आणि तिथेच रोज संध्याकाळी कणी-कोंडा वाढलेला. सारद, म्हणजे पावसाळी भात, कापलं की उंदरांची दुसरी लाट येते, शेतातलं अन्न संपल्यावर. म्हणजे वर्षातून दोनदा आपण त्यांचे यजमान.

[संध्याकाळ. काकी जुन्या वर्तमानपत्राचा बोळा करते आहे.]

काकीची ही युक्ती तिच्या सासूची. दिवेलागणीला परसातल्या एकूण एक भोकात कागदाचा बोळा हलकेच बसवायचा. दाबून ठासायचा नाही. सकाळी जाऊन बघायचं. बोळा तसाच असेल तर ते बीळ ओस पडलेलं. बाहेर ढकलला असेल किंवा आत ओढला असेल तर घरात माणसं आहेत. पहिल्या दिवशी आम्ही पाच बोळे बसवले. सकाळी तीन जागेवर नव्हते. एका बिळातून कागदाचा कोपरा बाहेर डोकावत होता. बाकीचा आत बिछान्याला गेला असणार.

मग मी तराजू आणला. कोंबड्या खुराड्यात चढल्यावर ताटातलं उरलेलं खाद्य तोललं, सहाशे ग्रॅम. सकाळी कोंबड्या उतरण्याआधी पुन्हा तोललं, तीनशे ऐंशी. कोंबडीला अंधारात दिसत नाही, ती रात्री दांडीवरून उतरून जेवायला जात नाही. दोनशे वीस ग्रॅम कुणी खाल्लं ते सांगायला नको. साध्या उंदराला रात्रीला वीस-पंचवीस ग्रॅम पुरतात, घुशीला थोडं जास्त. हिशेब करा. काकीने केला, आणि तिचा चेहरा अंडी मोजली तेव्हापेक्षा जास्त पडला. "महिन्याला सहा-सात किलो कणी मी यांना वाढते!"

माझ्या मते सगळी गोष्ट या तराजूवर आहे. उंदीर कोंबडीसाठी येत नाही. तो तिच्या ताटासाठी येतो, तिच्या शेजारी जागा बरी दिसते म्हणून राहतो, आणि मग कधीतरी अंडं, एखादं पिल्लू, झोपलेल्या कोंबडीच्या पायाचं बोट. अंड्यावरून आपण जागे होतो, तोवर तो महिनाभर जेवत असतो.

[रात्र. लाल बल्बच्या उजेडात खुराड्याचं तोंड.]

लाल उजेड उंदरांना नीटसा दिसत नाही, म्हणून पांढऱ्या बल्बला लाल जिलेटीन गुंडाळून आम्ही बसलो. साडेदहापर्यंत नुसते बेडूक. मग भिंतीच्या कडेने, भिंतीला मिशा घासत, एक आली. उघड्यावरून आली नाही, दोन हात जागा ओलांडायलासुद्धा लाकडांच्या आडून वळसा घेतला. ताटाच्या काठावर पुढचे पाय ठेवले. आधी कोंड्यातून कणी वेचली, घाई न करता, मुलगी तांदूळ निवडते तशी. मागून दुसरी. वर दांडीवर कोंबड्या ओळीने बसलेल्या, एकीने मान काढून परत पंखात घातली. भिंतीच्या त्या कडेला सकाळी पाहिलं तर चिऱ्यावर तेलकट काळपट पट्टा होता. रोज एकाच वाटेने जाऊन अंगाचं तेल लागतं, वहिवाटीची पायवाट पडावी तसं.

पिंजरा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणला. पहिल्या रात्री त्यात काही सापडलं नाही, दुसऱ्या रात्री नाही, आणि काकीने मला ऐकवलं. चूक माझीच. नवी वस्तू दिसली की उंदीर तिला वळसा घालतो. मग पिंजरा त्या तेलकट पट्ट्याला लावून, दार बांधून उघडाच ठेवला, आत भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा. तीन रात्री फुकट जेवू दिलं. चौथ्या रात्री दार सोडलं. त्या आठवड्यात चार सापडल्या.

सापडलेल्याचं करायचं काय, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. पलीकडच्या वाड्यावर नेऊन सोडणं हा आपला परंपरागत उपाय. पलीकडचे लोकही तेच करतात, त्यामुळे गावातली एकूण संख्या कायम राहते आणि घुशींचा प्रवास होतो.

पण चार सापडल्या म्हणून काही संपलं नाही. तीन आठवड्यांनी ढिगावर पुन्हा ताजी माती. उंदराची मादी बावीस-तेवीस दिवसांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं, आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. ताट भरलेलं असेल तोवर पिंजरा म्हणजे नुसती कापणी.

दुकानदाराने अर्थातच निळी वडी पुढे केली. ब्रोमाडिओलोन. रक्त गोठू देत नाही. खाल्लेला उंदीर चार-पाच दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. तेवढे दिवस तो फिरत असतो, दिवसेंदिवस मंद होत. आणि मंद उंदीर कोण धरतं? मांजर, कुत्रा, घुबड. कोंबडीसुद्धा मेलेलं पिल्लू सापडलं तर सोडत नाही, आणि अंगणात सांडलेला वडीचा चुरा तर ती दाणा समजूनच टिपते. काकीकडे पूर्वी एक पिवळी मांजर होती. शेजारी कुणीतरी विष घातलं, मांजरीच्या नाकातून रक्त आलं, काय झालं ते कळेपर्यंत उशीर झाला. या विषाला के-१ जीवनसत्त्व हा उतारा आहे, पशुवैद्याकडे वेळेत पोचलं तर. झिंक फॉस्फाइडच्या काळ्या पुडीला तोही उतारा नाही. पोटातल्या आम्लाशी मिळून ती विषारी वायू करते. काकीने वडी परत केली. वर म्हणाली, "चवथ दोन आठवड्यांवर आली आहे, गणपतीवर फळांची माटोळी बांधायची आहे. त्याच्या वाहनाला आत्ताच विष घालू?" हा युक्तिवाद मला पटला असं नाही, पण त्याचा परिणाम योग्य झाला.

चिकट पुठ्ठ्याबद्दल एवढंच: त्यावर अडकलेला उंदीर तासन्‌तास किंचाळतो, आणि पाल, सरडे, चिमण्यासुद्धा अडकतात. कोंबड्यांच्या परसात तो आणू नये.

[मांगराचा माळा. कोपऱ्यात पांढरट चेहरा, स्थिर.]

हे गव्हाणी घुबड. माळ्यावर दोन वर्षं आहे. अपशकुनी म्हणून त्याला हुसकायचा बेत घरात एकदा झाला होता. खाली केसांचे आणि हाडांचे गोळे पडतात; घुबड न पचलेलं असं ओकून टाकतं. काकीच्या नातवाने एक गोळा पाण्यात भिजवून सोडवला, त्यात दोन कवट्या निघाल्या, पिवळे दात तसेच. धामणीचंही तसंच. ती बिनविषारी, बिळात शिरून उंदीर खाते, आणि तिला मारणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण घुबड आणि धामण असूनही घुशी होत्याच. ताट भरलेलं असताना त्या दोघांनी तरी किती खायचं?

मग खरं काम झालं, ते दोन रविवारांचं. लाकडं भिंतीपासून हातभर दूर, चिऱ्यांवर उचलून रचली. सोडणांचा ढीग हलवला; त्याखाली वर्तमानपत्राचा चुरा आणि केसाळ घरटं निघालं, मागच्या महिन्यातली बातमी वाचता येत होती. खुराड्याला आधी चिकन मेश होती, षटकोनी, इंचभर भोकांची. ती कोंबडी आत ठेवते, उंदीर बाहेर ठेवत नाही. ज्या भोकातून अंगठा जातो त्यातून उंदराचं पोर जातं. तिच्या जागी अर्धा इंची वेल्डमेश लावली. खाली ती सरळ जमिनीत न पुरता बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी वळवली आणि वर माती पसरली. घूस भिंतीच्या बुडाशी येऊन उकरते. पायाखाली जाळी लागली की मागे सरून फूटभर लांबून सुरुवात करावी, हे तिला सुचत नाही. चिऱ्यांचे सांधे सिमेंटने भरले, त्यात फुटक्या बाटलीच्या काचा घालून. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात, ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं; नुसत्या ओल्या सिमेंटची त्याला पर्वा नसते. माडांना माणसाच्या डोक्याच्या वर पत्र्याचे पट्टे ठोकले. एका माडाची चुडतं (झावळ्या) फणसाला टेकत होती, ती उतरवली, नाहीतर पट्टा असून नसून सारखाच.

कणी आता पत्र्याच्या डब्यात, झाकणावर चिऱ्याचा दगड. आणि तीन्हीसांजेला ताट उचलून घरात. हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जड गेलं. "कोंबडी उपाशी झोपली तर?" असं काकी आठवडाभर विचारत होती. कोंबड्यांचं वजन घटलं नाही, अंडी कमी झाली नाहीत.

एक गोष्ट पायाशी संबंधित. उंदराच्या लघवीतून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होतो, चिखलातून, पायाच्या चिरेतून. काकी पावसात अनवाणी खुराडं झाडायची. आता गमबूट आहेत, हातमोजे आहेत, आणि सुक्या लेंड्या झाडूने उडवत नाही, आधी ब्लीचिंगचं पाणी मारते. ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले तर डॉक्टरला "परसात उंदीर आहेत" हे वाक्य आधी सांगायचं. गोळ्या लवकर सुरू झाल्या तर हा आजार आटोक्यात येतो.

[दसऱ्यानंतरची सकाळ. धुकं. काकी वाकून एकेक बीळ पाहते.]

पाच बोळे तसेच आहेत, दवाने मऊ पडलेले. खुडूक कोंबडीमागे सात पिल्लं आहेत. काकी मांगराला वळसा घालून लाकडांपर्यंत जाते आणि थांबते. चिऱ्याच्या बुडाशी रुपयाएवढं नवं भोक, बाहेर चमचाभर ओली माती.

"सारद कापायला लागले वाटतं," ती म्हणते, आणि मला विचारते, "कालचा पेपर वाचून झाला रे?"