अर्धवट सोडलं तरी हातात काय उरतं?

(ठाण्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षबाई आणि मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'कामापुरतं इंग्रजी : वाचायला-लिहायला कसं शिकवावं'. त्याकडे येतेच. पण आधी एका शब्दाची गोष्ट सांगते, ती सांगितल्याशिवाय मला पुढचं बोलताच येत नाही.

किसननगरात संध्याकाळी साडेसातला माझा वर्ग भरतो. येणारे सगळे कामावरून येतात. सोसायट्यांचे वॉचमन, पोळ्या करणाऱ्या ताया, वागळे इस्टेटमधले हेल्पर. एक दादा रबाळ्याहून येतात, तिथल्या एका कारखान्यात गोडाऊनला आहेत. लोकलने ठाण्याला यायचं, नऊ-दहा नंबरवरून गर्दीचा पूल चढायचा, आणि घरी न जाता थेट वर्ग. त्या आठवड्यात मी उलट अर्थाचे शब्द घेतले होते. करेक्ट, इनकरेक्ट. कम्प्लीट, इनकम्प्लीट. 'इन' लागला की 'नाही', असं मी फळ्यावर लिहिलं आणि सगळ्यांनी ते चौकट करून वहीत उतरवून घेतलं.

दोन दिवसांनी हे दादा वर्ग सुटल्यावर थांबले. मोबाइलवर फोटो काढून आणला होता. निळा पिंप, त्यावर लाल चौकोनात जाळाचं चित्र, खाली शब्द : इन्फ्लेमेबल. एकेका अक्षरावर बोट ठेवत त्यांनी तो वाचला आणि म्हणाले, "बाई, फ्लेम म्हणजे जाळ. इन म्हणजे नाही. म्हणजे हे पेटत नाही. मग वर जाळाचं चित्र कशाला? आणि घोडबंदरला पेट्रोलच्या टँकरवर पण हेच लिहिलेलं असतं."

मला दरदरून घाम फुटला. इंग्रजीत फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल, दोन्हींचा अर्थ एकच, पेटणारं. हा 'इन' नकाराचा नाही, तो लॅटिनमधल्या 'पेटवणे' या क्रियापदातून आलाय. मला हे माहीत होतं, पण त्या दिवशी वर्गात सांगावंसं वाटलं नव्हतं. दादांनी टँकर आठवून विचारलं म्हणून बरं. नुसतं पाठ करणारा कुणी असता तर त्या पिंपाशेजारी त्यानं बिडी शिलगावली असती. आणि त्या कारखान्यात सुरक्षेचं प्रशिक्षण झालेलं होतं बरं का! सगळं इंग्रजीत. शेवटी एका कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. समजलं का, हे कुणी विचारलं नाही. पिंपावर मराठीत लिहायलाच हवं, हे माझं ठाम मत आहे, आणि तेही 'ज्वालाग्राही' नको, 'पेटतं' एवढं पुरे. पण ते लिहिलं जाईपर्यंत या माणसाला तो शब्द वाचता आला पाहिजे.

आता स्टेशनपासून इथपर्यंत येताना पाट्या बघा. तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी. सगळं बोलण्याचं! वाचायला शिकवतो, अशी एकही पाटी मला दिसलेली नाही. माझ्या वर्गातल्या ताईला दिवसभरात इंग्रजी बोलावं लागतंच कुठे? वाचावं मात्र सारखं लागतं. औषधाच्या ट्यूबवरचं 'फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली', सोसायटीच्या ग्रुपवरची नोटीस, मुलाच्या शाळेचा फॉर्म.

हे म्हणणारी मी पहिली नव्हे. शंभर वर्षांपूर्वी मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्याला होते, शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य. बंगालच्या शाळांमधून बरीच मुलं मध्येच गळतात, हे त्यांच्या नजरेसमोर होतं. १९२६ साली त्यांनी त्यावर एक शब्द वापरला, थेट विम्याच्या धंद्यातून उचललेला. सरेंडर व्हॅल्यू! इथे बसलेल्या प्रत्येकाला तो कळतो. हप्ते मध्येच थांबले तर हातात किती पडतं? वेस्ट म्हणाले, अभ्यासक्रमालाही हाच प्रश्न विचारा, आणि वाचनाची सरेंडर व्हॅल्यू बोलण्यापेक्षा जास्त आहे.

आता आपलं बघा. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. त्याआधी मराठी शाळेत पाचवीपासून होतं. माझ्या वर्गातले बरेच जण सातवीला शाळा सोडलेले. म्हणजे तीन वर्षं हप्ते भरले. पूर्वी बहुतेक पॉलिसींना तीन वर्षांनी काहीतरी परत मिळायचं. यांच्या हातात काय पडलं? एबीसीडी आणि 'माय नेम इज'.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. ठीक आहे, भराभर सांगते.

वाचन आधी, आणि खऱ्या कागदावर. पुस्तकातला धडा नाही, त्यांनी खिशातून काढलेला कागद. एका तासाला एकच कागद, आणि तो तास शेवटचा ठरला तरी तो कागद वाचता आलाच पाहिजे. फॉर्म असेल तर नेहमीचे शब्द आधी : ॲप्लिकंट, गार्डियन, नॉमिनी. 'फॉर ऑफिस यूज ओन्ली'वर पहिल्यांदा काट मारायला शिकवते, कारण तिथेच लोक नाव लिहून बसतात आणि फॉर्म परत येतो.

लिखाण तीनच प्रकारचं : फॉर्म, मेसेज, अर्ज. अर्जात 'आय बेग टू स्टेट' मी लिहू देत नाही. बेग म्हणजे भीक मागणं. हक्काच्या रजेला भीक कशाला? 'टुमॉरो आय विल नॉट कम. माय सन हॅज फीवर.' दोन वाक्यं, खाली नाव. काळांचा तक्ता नंतर, गरज पडली तर. स्पेलिंग चुकलं तर त्याच दिवशी हटकत नाही, तारीख किंवा रक्कम चुकली तर मात्र पुन्हा लिहायला लावते.

आणि अपवाद त्याच दिवशी सांगायचा. नियम शिकवला की 'इन्फ्लेमेबल' लगेच खाली लिहायचं.

दाराजवळच्या टेबलावर एक कापडी पिशवी ठेवली आहे. घरातल्या औषधांची रिकामी खोकी, जुन्या नोटिसा, कोरे राहिलेले फॉर्म, बिलं, जे असेल ते पुढच्या शनिवारी आणून तिच्यात टाका. नाव आणि नंबर तेवढे खोडा.