आत्याची डाळ आणि चिखलदऱ्याची हवा

नमस्कार श्रोतेहो. पाणी किती अंशांवर उकळतं? शंभर, हे सगळ्यांचं पाठ. पण कुठे उकळतं, हे कुणी विचारत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नागपूरहून चिखलदऱ्याला गेलो होतो, परतवाड्याचा घाट चढून. आपली माणसं थंड हवेसाठी थेट महाबळेश्वर गाठतात, याचं मला फार वाईट वाटतं. अहो, आपल्या विदर्भात कॉफी पिकते ती या डोंगरावर! असो. मुक्कामी पोचलो आणि कळलं, कुकर घरी ओट्यावरच राहिला. आत्या म्हणाली, "त्यात काय, पातेल्यात शिजवते. आमच्या आईकडे कुठं होता कुकर?" तूरडाळ चढवली. पाणी खळाखळा उकळतंय, भात झाला, मिरच्या तळून झाल्या, पोरं ताटं घेऊन बसली, आणि डाळीचा दाणा पळीनं दाबला तरी तसाच टणक. आत्याचा सगळा राग इतवारीतल्या दुकानदारावर. "जुनी डाळ बांधून दिली त्यानं!" तासाच्या वर गेलं, तेव्हा कुठे वरण पानात पडलं.

उरलेली डाळ तिनं परत आणली. नागपुरात तेच पातेलं, तेवढीच डाळ. पाणी तर तिकडेही आम्ही घरचंच कॅनमध्ये नेलं होतं. आत्या घड्याळ समोर ठेवून बसली. डाळ पंधरा मिनिटं आधी शिजली! दुसऱ्या दिवशी ती इतवारीत गेली आणि त्याच दुकानातून पाच किलो डाळ घेऊन आली.

दोष डाळीचा नव्हता, हवेचा होता. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटरवर, चिखलदरा 1,100 मीटरच्या आसपास. वर हवा विरळ, म्हणून तिचा दाब कमी. पाण्याचे कण वाफ होऊन उडायला बघतात आणि हवेचा दाब त्यांना धरून ठेवतो. नीट ऐका: उष्णता कणांना सोडवते, दाब त्यांना धरतो. दाब कमी, तर कण लवकर सुटतात. म्हणून आपल्याकडे पाणी 99 अंशांच्या जवळ उकळतं आणि तिथे 96 च्या आसपास. एकदा उकळी आली की खाली जाळ कितीही वाढवा, पाणी त्याहून तापत नाही. जास्तीची उष्णता वाफ करण्यातच जाते. कुकरमध्ये उलट. कोंडलेली वाफ दाब वाढवते, पाणी 120 अंशांपर्यंत तापतं, तरी बरंचसं पाणीच राहतं. पोरांना हे व्याख्या घोकून कळत नाही, त्यांना ओट्यापाशी उभं करा.

आणि तुमचा गॅस सिलिंडर? त्यातले प्रोपेन आणि ब्युटेन नागपूरच्या हवेत, अगदी डिसेंबरच्या पहाटेसुद्धा, वायूच असायला हवेत. पण भरलेला सिलिंडर उचलताना आत डुचमळतं ना? तो द्रव आहे, निव्वळ दाबानं धरलेला. मे महिन्यात 45 अंशांतही तो द्रवच राहतो. तुम्ही बटण फिरवता, वरचा दाब हलका होतो, आणि शेगडीपर्यंत येतो तो वायू.