वेडा राघू परत येतो

(पुण्यात निसर्ग-छायाचित्रण शिकणाऱ्या एका गटासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सुरुवातीलाच एक काम सांगते. येत्या रविवारी वेताळ टेकडीवर जाल तेव्हा पहिली वीस मिनिटं कॅमेरा पिशवीतून बाहेर काढू नका. एक जागा धरा आणि बसा. उभं राहायचं नाही, मांडी घालून बसायचं. फोन बंद, गप्पा बंद.

आपण एखाद्या ठिकाणी पोचतो तेव्हा तिथे जे दिसतं ते त्या जागेचं रोजचं वागणं नसतं, आपल्या येण्यानं उडालेली धांदल असते. सातभाईंचा थवा कलकलाट करत गिरिपुष्पाच्या झाडोऱ्यातून पुढे सरकतो, बुलबुल गप्प होतो, सरडा दगडाच्या पलीकडे जातो. त्या पाच मिनिटांत शंभर फोटो काढलेत तर ते शंभरही पळणाऱ्यांचे येणार. आपण हललो नाही की हळूहळू सातभाई पुन्हा खाली उतरतात आणि पाचोळा उचकटायला लागतात. ते उतरले की बाकीच्यांनाही धीर येतो.

तेवढ्यात उजेडही जागचा हललेला असतो. सूर्य आकाशात तासाला पंधरा अंश सरकतो. म्हणजे स्वतःच्या बिंबाएवढं अंतर तो साधारण दोन मिनिटांत कापतो, आणि तुमच्या त्या वीस मिनिटांत दहा बिंबांएवढं. पावसाळा सरल्यावर टेकडीवरचं गवत वाळायला लागतं, त्या दिवसांत सकाळी सूर्याकडे तोंड करून बसा. उजेड गवताच्या मागून आला की एकेक कुसळ वेगळं दिसतं. तेच गवत दहा वाजता बघा, नुसता पिवळा पट्टा उरतो. हा फरक पुस्तकात वाचून कळत नाही. एका जागी बसून तो होताना बघावा लागतो.

मी रोलवर शिकले. एका रोलमध्ये ३६ फोटो, महिन्याला फार तर दोन रोल, आणि धुवायला टाकलेला रोल हातात यायला तीन-चार दिवस. त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. रोल महाग असायचे, आणि नजर चांगली असूनही केवळ पैशापायी कॅमेरा खाली ठेवलेले मित्र मी पाहिले आहेत. आजचा कॅमेरा सेकंदाला वीस फोटो काढतो, पक्ष्याचा डोळा आपला आपण शोधतो, याचा मला मनापासून आनंद आहे. एकच गोष्ट मी त्या दिवसांतली टिकवली आहे. बाहेर असताना मागचा स्क्रीन बंद ठेवते, फोटो घरी येऊन बघते. कारण नुकताच काढलेला फोटो बघायला मान खाली गेली की समोर चाललेलं निसटतं, आणि बहुतेक वेळा नेमकं तेव्हाच काहीतरी घडतं.

आता वेड्या राघूकडे येते. चिमणीहून जरा मोठा, हिरवागार, डोक्यावर तांबूस झाक, गळ्याशी काळी रेघ, शेपटीतून निघालेल्या दोन बारीक तारा. पुण्यात टेकड्यांवर, नदीकाठी, विजेच्या तारांवर सगळीकडे दिसतो. नवखा माणूस त्याच्या मागे धावतो. राघू फांदीवरून उडाला की हा कॅमेरा घेऊन त्या दिशेला. पण तो कुठे जात नसतो! हवेत माशी पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच फांदीवर, पुष्कळदा त्याच टोकावर परत येतो. मधमाशी असेल तर तिला फांदीवर आपटतो, मग तिचं पोट फांदीवर घासतो. नांगी आणि विष काढून टाकायची ही त्याची रीत. मग मान वर करून गिळतो.

हे एकदा बघितलं की फोटो काढायची तऱ्हाच बदलते. फोकस पक्ष्यावर धरायचाच नाही, फांदीच्या टोकावर धरायचा आणि तिथेच बांधून ठेवायचा. ३०० मिलिमीटरची लेन्स, सहा मीटर अंतर, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ५.६ ठेवलंत तर स्पष्ट येणारी खोली दहा-बारा सेंटिमीटर मिळते, वीतभरसुद्धा नाही. धावत्या हाताला ती वीत सापडत नाही. बसलेल्या माणसाला मात्र तेवढी पुरते, कारण पक्षी आपल्या पायांनी तिथे येणार असतो. शटरचा वेग १/२००० सेकंद ठेवा आणि त्या टोकाकडे बघत राहा. त्या बघण्यात दहा मिनिटं कशी गेली ते कळत नाही. घरचं, ऑफिसचं डोक्यात फिरत असतं ते कधी थांबलं तेही कळत नाही. फोकस फोकस आपण म्हणतो, तो मला तरी त्या फांदीवरच भेटला.

पण नुसतं बसणं पुरत नाही, हेही मला या राघूनंच शिकवलं. ते सांगणं मला अवघड जातं, तरी सांगते.

वेडा राघू घरटं बांधत नाही, मातीच्या उभ्या दरडीत बोगदा खोदतो आणि आत अंडी घालतो. एका उन्हाळ्यात टेकडीच्या उतारावर अशी दरड मला सापडली. मी जवळ, अगदी चार-पाच मीटरवर जाऊन बसले. थोड्या वेळानं राघू चोचीत चतुर घेऊन समोरच्या काटकीवर येऊन बसला. आणि बसूनच राहिला. चतुराचे पंख उन्हात चमकताहेत, पक्षी हलत नाही, पार्श्वभूमी सुरेख. मला वाटलं, शांत बसल्याचं हे फळ. दहा मिनिटं मी फोटो काढत होते.

घरी ते फोटो ओळीनं बघताना लक्षात आलं. प्रत्येक फोटोत त्याची मान थोडी थोडी वळलेली होती. एकदा बिळाकडे, एकदा माझ्याकडे, पुन्हा बिळाकडे. आत पिल्लं भुकेली होती आणि मी वाटेत बसले होते. इतका वेळ मी त्याच्याकडे बघत होते आणि मला फक्त चतुराचे पंख दिसत होते. ते फोटो मी कुणाला दाखवले नाहीत, आजही दाखवणार नाही. म्हणून विनंती करते, पक्षी तोंडात घास घेऊन थांबला की उठा आणि मागे जा. किती मागे, ते तोच सांगतो. तो बिळात शिरला म्हणजे तुमचं अंतर बरोबर.

दुसऱ्या दिवशी मी पलीकडच्या उतारावर, एका सालईच्या बुंध्याशी बसले. चाळीसेक मीटर तरी असेल. राघू आला, काटकीवर टेकला न टेकला आणि सरळ बिळात गेला. बाहेर आला, गेला, पुन्हा आला. तासाभरात मी एकच फोटो काढला. त्यात दरड आहे, खाली सांडलेली ताजी माती आहे, राघू नखाएवढा दिसतो. तो नुकताच बिळातून बाहेर पडलाय आणि त्याची चोच रिकामी आहे.