प्रेसशॉपमधून आलेला आवाज

मघाशी मी रेकॉर्ड लावली तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर पाऊस नाहीये, तो रेकॉर्डमधला पाऊस होता. पाऊस, गडगडाट, लांबून येणारी चर्चची घंटा आणि मग गिटारचे ते तीन स्वर. आधी तेच गाऊन दाखवतो. खालचा सा, वरचा सा, आणि तीव्र मध्यम. संपलं. तीव्र मध्यम आपण यमनात रोज ऐकतो, पण तिथे तो पंचमाच्या ओढीने येतो आणि पंचमावर जाऊन टेकतो. इथे तो टेकतच नाही. बोट थरथरवत तसाच लोंबकळत ठेवलाय. पोटात खड्डा पडतो तो त्यामुळे.

ब्लॅक सॅबथ या बँडचा हा पहिला आल्बम. १६ ऑक्टोबर १९६९ या एका दिवशी, लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत, साधारण बारा तासांत तो ध्वनिमुद्रित झाला. टोनी आयोमी गिटारवर, गीझर बटलर बेसवर, बिल वॉर्ड ड्रम्सवर आणि ऑझी ऑस्बर्न गायला. चौघंही बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागातली पोरं, वयं वीस-एकवीस. निर्माते रॉजर बेन, इंजिनियर टॉम अ‍ॅलम. पाऊस आणि घंटा नंतर जोडली. दोन ठिकाणी गिटारचे तुकडे एकावर एक वाजवून घेतले. बाकी जवळजवळ सगळं जसं वाजलं तसंच आहे. तिघं एकत्र वाजवत होते, ऑझी बाजूच्या बूथमध्ये त्याच वेळी गात होता. मंचावर जे रोज वाजवायचे तेच त्यांनी तिथे वाजवलं.

मी पंचवीस वर्षं ध्वनिमुद्रणाचंच काम करतोय, म्हणून सांगतो, हे वाटतं तितकं सोपं नाही. मशीन चार ट्रॅकचं, म्हणजे आवाज वेगवेगळे साठवायला चारच पट्ट्या. आज लॅपटॉपवर एकट्या ड्रमसेटला आम्ही बारा-चौदा ट्रॅक देतो. तिथे अख्ख्या बँडला चार. म्हणजे ड्रम्स किती, बेस किती, हे तिथल्या तिथे ठरवून मोकळं व्हायचं. नंतर बघू, हा शब्दच नाही. मैफलीत तबलजीचा हात चुकला तर तो चुकलाच, तसं.

त्यात भर म्हणून त्याच दिवशी एक घोळ झाला. आयोमीची नेहमीची गिटार फेंडर स्ट्रॅटोकास्टर. एक गाणं होतं न होतं तोच तिचा पिकअप, म्हणजे तारांचा कंप टिपणारा भाग, गेला. दुरुस्तीला वेळ कुठला? सोबत जास्तीची म्हणून एक गिब्सन एसजी आणली होती, तीच त्याने गळ्यात अडकवली आणि उरलेला आल्बम तिच्यावर वाजवला. ती गिटार मग त्याची कायमची ओळख झाली. स्ट्रॅटोकास्टर त्याने पुढे एका सॅक्सोफोनच्या बदल्यात देऊन टाकली! आज आपण ज्याला मेटलचा, म्हणजे हेवी मेटल या संगीतप्रकाराचा, जाड आवाज म्हणतो, त्यात त्या बिघडलेल्या पिकअपचा वाटा आहे, असं माझं ठाम मत आहे.

पण मोठा वाटा दुसऱ्याच गोष्टीचा. टोनी सतरा वर्षांचा असताना शीटमेटलच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. बँडबरोबर दौऱ्यावर जायचं ठरलं होतं, नोकरी सोडली होती, त्या दिवशी शेवटची पाळी. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जायची इच्छा नव्हती, पण आईने सांगितलं, काम नीट पुरं करून ये. पत्रा वाकवणाऱ्या प्रेसवरचं माणूस आलं नव्हतं, म्हणून याला तिथे उभं केलं. प्रेस खाली आला. उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिका या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची नेमकी हीच बोटं.

इथे मला जरा थांबावं लागतं. माझे काका भोसरीला पॉवर प्रेसवर होते. त्यांची दोन बोटं गेली तेव्हा मी सहावीत होतो. फडक्यात गुंडाळलेला हात घेऊन ते रिक्षातून उतरले, आणि काकू घरातून धावत आली ती एका पायात चप्पल घालून. भोसरी, चिंचवड, चाकण भागातून आलेली मंडळी इथे असतील. त्यांच्या ओळखीत असा एक तरी हात असेलच. म्हणून आयोमीची ही गोष्ट मला परदेशातली वाटतच नाही.

कारखान्यातल्या साहेबाने त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची रेकॉर्ड आणून दिली. राइनहार्टची दोन बोटं आगीत निकामी झाली होती, तरी तो वाजवायचा. मग टोनीने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, तिच्या टोप्या करून बोटांना बसवल्या, वर चामडं चिकटवलं. टोपीतून तार जाणवत नाही, आणि जाड तार दाबली की दुखतं. तेव्हा हलक्या तारांचा संच मिळत नव्हता, म्हणून त्याने बँजोच्या पातळ तारा लावल्या. तिसऱ्या आल्बमपर्यंत, म्हणजे १९७१ ला, तो तारा तीन अर्धस्वर उतरवायला लागला होता. तार सैल, बोटांना सोपं, आणि आवाज गेला खर्जात. आज जगभरातली मेटलची पोरं तारा उतरवून वाजवतात. याची सुरुवात दुखऱ्या बोटांपासून झाली.

आता माझ्या धंद्यातलं. पहिल्यांदा एक मेटल बँड माझ्याकडे आला तेव्हा मी अ‍ॅम्पचा गेन, म्हणजे गिटारचा आवाज फाटेपर्यंत वाढवायचं बटण, पूर्ण वर नेला. खोलीत भिंती हादरत होत्या. रेकॉर्डिंग ऐकलं तर माशांची घोंघों! झालं असं, की गेन वाढला की तारेवरचा आघात सपाट होतो, आणि कानाला वजन कळतं ते आघातातून. पुढच्या वेळी गेन निम्म्याने कमी केला, माइक स्पीकरच्या मध्यापासून बोटभर बाजूला सरकवला, आणि गिटारवाल्याला म्हटलं, तळहात तारांवर टेकवून जोरात मार. तोच पोरगा, तीच गिटार, आणि दार आपटल्यासारखा आवाज आला.

आणखी एक. गिटारचं जे वजन आपल्याला वाटतं, त्यातलं अर्धं बेसचं असतं. बेस बंद करून ऐका, गिटार एकदम हडकुळी होते. बटलर बहुतेक वेळा गिटारच्याच स्वरांवर चालतो, आणि खाली वॉर्ड जॅझमधून आलेला, त्यामुळे ठेका डोलतो. तिघांच्या मात्रा केसभर इकडेतिकडे होतात आणि तरी एकत्र पडतात. हल्ली डावी-उजवी गिटार रुंद करायला एकच तुकडा आम्ही दोनदा वाजवून घेतो. पोरं म्हणतात, सर, कॉपी करा ना. कॉपी केली की आवाज मधोमध मोठा होतो, पसरत नाही. माणूस दुसऱ्यांदा वाजवताना जे किंचित वेगळं वाजवतो, त्यातूनच ती रुंदी येते.

टॉम अ‍ॅलम हे नाव लक्षात ठेवा असं मला सांगायचं होतं. साधारण दहा वर्षांनी, १९८० च्या सुरुवातीला, हाच माणूस जूडस प्रीस्टच्या आल्बमचा निर्माता होता. तोही बँड बर्मिंगहॅमच्याच परिसरातला, आल्बमचं नाव ब्रिटिश स्टील, आणि त्यांचा गिटारवादक ग्लेन टिप्टन खरोखर त्याच नावाच्या पोलाद कंपनीत नोकरी केलेला. ध्वनिमुद्रण अ‍ॅस्कॉटजवळच्या एका मोठ्या घरातल्या स्टुडिओत झालं. लोखंडी पावलांचा आवाज हवा होता आणि सॅम्पलर, म्हणजे साठवलेले आवाज वाजवणारं यंत्र, हाताशी नव्हतं. मग काटे-चमच्यांचा ट्रे उचलून तालात हलवला. आणखी एका गाण्यात काच फुटते, त्या दुधाच्या बाटल्या आहेत, खरोखर फोडलेल्या. स्वयंपाकघरातल्या वस्तूंमधून कारखाना उभा केला त्यांनी.

मेटालिका या बँडचा काळ्या मुखपृष्ठाचा आल्बम सॅबथच्या त्या एका दिवसाच्या अगदी उलट. ऑक्टोबर १९९० ला सुरू झाला तो पुढच्या जूनपर्यंत चालला, तीनदा मिक्स झाला. पण तिथेही निर्माता बॉब रॉक यांनी सगळ्यांत आधी धरलेला हट्ट कोणता? चौघांनी एका खोलीत, एकमेकांकडे बघत वाजवायचं.

५ जुलै २०२५ ला सॅबथचे चौघं अ‍ॅस्टनच्या व्हिला पार्क मैदानावर शेवटचे एकत्र वाजले. ऑझी आसनावर बसून गायला, आणि २२ जुलैला गेला. त्या आठवड्यात मी काकांना स्टुडिओत बसवून हा आल्बम ऐकवला. ते भजनातले माणूस, पेटी छान वाजवायचे. पाऊस ऐकला, घंटा ऐकली, ते तीन स्वर ऐकले. मी बोटांची हकीकत सांगितली. ते बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिले, मग त्यांनी विचारलं, “त्या प्रेसलापण गार्ड नव्हता का रे?”