बाजारगावाच्या कडेला मोटरहोमचा मुक्काम

श्रोतेहो, नमस्कार.

पुणे-बेंगळुरू महामार्गावरून निपाणीकडून बेळगावला येताना हल्ली मधूनच एखादी उंच, पांढरी, खिडक्यांना पडदे लावलेली गाडी दिसते. आत झोपायला बिछाने, स्वयंपाकाचा ओटा, लहानसा फ्रीज आणि शौचालय असलेली ही गाडी म्हणजे मोटरहोम. तिला स्वतःचे इंजिन असते. जिला इंजिन नसते आणि जी दुसऱ्या गाडीला जोडून ओढत न्यावी लागते, ती कॅरॅव्हॅन. या गाड्यांचा मुक्काम कोठे असावा, याविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे, आणि माझे मत मी आधीच सांगून टाकतो. मुक्काम जंगलात नको, धरणाच्या निर्जन काठावर नको. तो बाजारगावाच्या कडेला असावा. निपाणी, संकेश्वर, चिकोडी, गोकाक, खानापूर यांसारख्या, आठवड्याचा बाजार भरणाऱ्या गावापासून पायी पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर असावा.

गाडीत घर असते, परंतु घराला रोज लागणारे बाहेरचे जग तिच्यात नसते. तिचा फ्रीज लहान, पाण्याची टाकी साधारण शंभर लिटरची आणि गॅसची टाकी एकच. शहरातून आठ दिवसांचे वाणसामान, आले-लसणाच्या तयार वाटणासकट, भरून आणणारी मंडळी मी पाहिली आहेत. ज्या संकेश्वरच्या जवारी, म्हणजे गावरान, मिरचीसाठी लोक कोठून कोठून येतात, त्या गावाशेजारी उतरून प्लास्टिकच्या पाकिटातले तिखट वापरायचे असेल, तर घरीच राहिलेले काय वाईट? असो.

तळ निवडताना तीन गोष्टी विचाराव्यात. चांगले पाणी कोठे भरायचे, सांडपाणी कोठे सोडायचे आणि बाजार किती लांब आहे. पुन्हा सांगतो, पाणी, सांडपाणी आणि बाजार. यातली मधली गोष्ट विचारायला लोक लाजतात, आणि तीच सर्वांत महत्त्वाची असते. शौचालयाखालची पेटी जेमतेम अठरा-वीस लिटरची असते, त्यामुळे चार माणसे असतील तर ती एक-दोन दिवसांतच रिकामी करावी लागते. ज्याच्या शेतात गाडी उभी केली त्या शेतमालकाच्या सेप्टिक टाकीतच ती रिकामी करावी. ओढ्यात, उसाच्या पाटात किंवा विहिरीच्या आसपास ती कधीही ओतू नये. त्या पेटीत जे निळे औषध घालतात, त्याच्या काही प्रकारांनी सेप्टिक टाकीतले उपयोगी जंतू मरतात. शेतमालकाने शौचालय गोबरगॅसला जोडलेले असेल तर त्याचा गॅसच मंदावायचा. म्हणून औषध कोणते आहे ते आधी सांगावे आणि बेताने वापरावे. विजेचे म्हणाल, तर अर्थिंग नीट असलेले पंधरा अँपिअरचे साधे घरगुती कनेक्शन पुरते. शेतपंपाच्या कनेक्शनवरून तार ओढून घेऊ नये. ती वीज पंपासाठी सवलतीने दिलेली असते, आणि थ्री-फेज पुरवठा येतो-जातो तो वेगळाच.

जमीन काळी असेल तर तिच्यावर मुरूम टाकलेला आहे की नाही ते पाहावे. गाडी सपाट उभी राहिली नाही तर न्हाणीतले पाणी दारात येते आणि झोपलेला माणूस रात्रभर एका कुशीला घसरत राहतो. गवंड्याची लहान पाणसळ जवळ ठेवावी आणि चाकाखाली लाकडाची उटी, म्हणजे पाचर, लावून गाडी समतल करावी.

आता मुख्य हकिकत सांगतो.

गेल्या संक्रांतीनंतर माझ्या भाच्याने पुण्याहून एक मोटरहोम भाड्याने आणली, आणि त्याची आई म्हणजे आमच्या थोरल्या अक्का, तो स्वतः आणि मी असे तिघे संकेश्वरच्या अलीकडे, हिरण्यकेशी नदीच्या बाजूला असलेल्या एका शेतकऱ्याच्या जागेत मुक्कामाला राहिलो. घराशेजारच्या पडीक जागेवर त्याने मुरूम पसरला होता, एक नळ दिला होता आणि आंब्याखाली गाडी उभी करायला सांगितले होते. जागेला लागूनच बाजाराकडे जाणारा रस्ता होता. रात्रभर त्या रस्त्याने दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर मोठमोठ्याने गाणी लावून जात होते. कारखान्याला ऊस गेलाच पाहिजे, परंतु तो गाण्याशिवाय गाळला जात नाही असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे, हे मला अजून समजलेले नाही.

आमच्या अक्कांनी उभी हयात परिचारिका म्हणून नोकरी केली. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी सकाळी गोळी घेण्यापूर्वी स्वतःचा रक्तदाब स्वतः मोजण्याचा त्यांचा नेम चुकत नाही. त्यातही बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रावर त्यांचा विश्वास नाही; दंडाला पट्टा, हाताने दाबायचा रबरी फुगा, काट्याची तबकडी आणि कानात स्टेथोस्कोप, असा सगळा सरंजाम लागतो. दुसरा दिवस बाजाराचा होता. सकाळी उन्हे आल्यावर भाच्याने गाडीच्या कडेची कापडी कनात उघडली, तिच्याखाली घडीचे टेबल आणि तीन खुर्च्या मांडल्या, दारातली पायरी खाली सोडली, आणि अक्का पांढरी शाल पांघरून टेबलाशी रक्तदाब मोजत बसल्या. गाडी पांढरी, तिच्या अंगावर लाल पट्टा, समोर कनात आणि टेबलाशी कानात स्टेथोस्कोप घातलेली वयस्कर बाई. रस्त्याने बाजाराला निघालेल्या माणसाने दुसरा काय अर्थ काढावा?

मेथीच्या जुड्यांची पाटी डोक्यावर घेतलेल्या एक आजी रस्त्यावरून वळून सरळ आत आल्या. त्यांनी पाटी आंब्याच्या बुंध्याशी उतरवली, चुंबळ काखेत मारली, रिकाम्या खुर्चीवर बसून हात टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "बघा की वो बाई, लई गरगरतंय."

अक्कांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि पट्टा स्वतःच्या दंडावरून काढून आजींच्या दंडाला बांधला. मात्र लगेच मोजले नाही. डोक्यावर ओझे घेऊन चालत आलेल्या माणसाचा रक्तदाब तेवढ्यापुरता चढलेला असतो. त्याने पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसावे आणि हात छातीच्या पातळीला ठेवावा, तेव्हा खरा आकडा मिळतो. अक्कांची ही शिस्त फार जुनी आहे. त्यांनी आजींना पाच मिनिटे गप्प बसवले, आणि घोटाळा वाढला तो त्या पाच मिनिटांमुळे. कारण तेवढ्या वेळात रस्त्याने आणखी चौघे जण गेले, खुर्चीवर हात पुढे करून बसलेल्या आजी त्यांनी पाहिल्या, आणि चौघेही आत वळले. त्या चौघांना पाच-पाच मिनिटे बसवेपर्यंत मागे रांग लागली.

भाचा प्रत्येकाला समजावून सांगत होता की हा फिरता दवाखाना नाही, ही आमची राहण्याची गाडी आहे. एका बाईंनी त्याला विचारले, "घर हाय तर चाकं कशाला?" या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नव्हते. मग गाडी आतून दाखवली म्हणजे लोकांची खात्री पटेल, असे त्याला वाटले आणि त्याने चार माणसांना आत नेले. त्यांनी आडवा बिछाना पाहिला आणि ऑपरेशन येथेच करता काय, म्हणून विचारले. शौचालय पाहिल्यावर पेशंटला ठेवूनही घेतात, असे त्यांच्या मनाने घेतले. ओट्यावर पोह्यांची कढई होती. ती पाहून तर एक गृहस्थ बाहेर येऊन रांगेतल्या लोकांना सांगू लागले की नाष्टासुद्धा देतात. रांगेत कन्नड बोलणारे होते, मराठी बोलणारे होते, आणि आपल्याकडे असतात तसे एका वाक्यात दोन्ही बोलणारेही होते. अक्कांची नोकरी सगळी याच भागात झालेली, त्यामुळे "अक्का, बी.पी. नोडतीरा?", म्हणजे बी.पी. बघता का, असे कोणी विचारले की त्या कन्नडमध्येच त्याला चुना-तंबाखू सोडायला सांगत होत्या.

या सगळ्या हसण्यात एक माणूस मात्र निराळा निघाला. पन्नाशीचे, अंगाने सडसडीत असे ते शेतकरी मिरचीचे पोते टेम्पोत पुढे पाठवून सहज म्हणून थांबले होते. अक्कांनी त्यांचा रक्तदाब एकदा मोजला, पट्टा सोडला, पुन्हा पाच मिनिटे बसवले, दुसऱ्या हाताचा मोजला आणि मग मला हळूच सांगितले की वरचा आकडा एकशे नव्वद आहे. गोळ्या चालू होत्या का, असे विचारल्यावर ते म्हणाले, "व्हत्या, पण बरं वाटाय लागलं म्हणून सोडल्या." अक्कांनी त्यांना कोणतेही औषध दिले नाही. एका कागदावर दोन्ही आकडे आणि वेळ लिहून दिली, शेतमालकाच्या मोटरसायकलवर त्यांना बसवून सरकारी दवाखान्यात पाठवले, आणि त्यांच्या मिरचीचे पोते कोणत्या अडतीवर उतरले आहे तेही विचारून घेतले, म्हणजे तेथे निरोप देता येईल. असा माणूस आम्हाला धरणाच्या काठावर कोठे भेटला असता?

ऊन चढल्यावर रांग सरली. अक्कांनी कोणाकडून पैसा घेतला नाही, तेव्हा लोकांनी आपापल्या पाटीतले काढून ठेवले: मेथीच्या जुड्या, ओल्या हरभऱ्याचे डहाळे, पसाभर शेंगा आणि वाळलेल्या जवारी मिरच्यांचे कागदात बांधलेले पुडके. मला खरे तर सकाळच्या बाजाराची घाई होती, कारण चांगली वांगी दहाच्या आत संपतात, ती संपलीच. दुपारी अडतीवर निरोप द्यायला म्हणून गेलो, तर अक्कांच्या आधी त्यांची बातमी तेथे पोचली होती. दुकानदाराने स्टूल पुढे केले, चहा मागवला आणि मिरचीच्या राशीपाशी नेऊन ओलावा धरलेली मिरची कशी ओळखायची ते हातात देऊन दाखवले. नीट वाळलेली मिरची हलवली की आतले बी खुळखुळते, आणि ओलसर मिरची मुठीत दाबली तरी मुकाट्याने वाकते. ते शेतकरी दवाखान्यातून संध्याकाळी आमच्या तळावर येऊन, गोळ्या पुन्हा चालू केल्याचे सांगून गेले.

हकिकतीत बराच वेळ गेला, म्हणून बाकीचे थोडक्यात सांगतो.

गाड्यांमधून संसार घेऊन जाणे आपल्याला नवे नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माला बैलगाड्यांनी जाणारी, वाटेवरच्या जोगुळबावीला उतरून चूल मांडणारी कुटुंबे आपल्या वाडवडिलांनी पाहिली आहेत. हौसेखातर असा प्रवास करणाऱ्यांमध्ये इंग्लंडात गॉर्डन स्टेबल्स यांचे नाव आधी घेतात. नौदलात वैद्य राहिलेले हे गृहस्थ १८८५ साली दोन घोड्यांची, खास बांधून घेतलेली गाडी घेऊन स्कॉटलंडपर्यंत गेले, आणि पुढचा रस्ता पाहण्यासाठी त्यांचा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जात असे. त्या देशात १९०७ साली कॅरॅव्हॅनवाल्यांचा क्लब निघाला. पुढे १९६० च्या कायद्याने अशी सोय झाली की मान्यताप्राप्त संस्थेने दाखला दिलेल्या लहान जागेत, बहुधा एखाद्या शेतकऱ्याच्या कुरणात, त्या संस्थेच्या सभासदांच्या पाचपर्यंत कॅरॅव्हॅन, वेगळा परवाना न काढता, उभ्या राहू शकतात. पाच गाड्या, एक नळ आणि सांडपाण्याची एक जागा, एवढ्यावर तेथील कित्येक लहान बाजारगावांच्या कडेचे तळ चालतात. केरळने आणि महाराष्ट्राने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाची धोरणे आणली; त्यांत तळांचेही बोलणे आहे. मला विचाराल तर आपल्या भागाला पाच गाड्यांचा शेतातला तळच मानवेल.

महाराष्ट्रातून भाड्याची गाडी आणत असाल, तर कर्नाटकात चालवण्याचा परवाना आणि कर यांची कागदपत्रे सीमेवरचा कोगनोळीचा नाका येण्यापूर्वीच पाहून घ्यावीत. गाडी जवळजवळ तीन मीटर उंच असते आणि बाजारपेठेत तारा लोंबत असतात, त्यामुळे ती तळावर ठेवून गावात पायी जावे. दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात काळ्या जमिनीच्या वाटेला जाऊ नये.

आणि शेवटची सूचना परतीच्या प्रवासाची. वाळलेली मिरची घेतली असेल तर ती बंद गाडीत, माणसे झोपतात त्या भागात ठेवू नये. तिचा उग्र वास रात्रभर घशाशी येतो आणि कोणाला झोप लागत नाही. पोते ताडपत्रीत गुंडाळून टपावरच्या कॅरिअरला बांधावे आणि बेळगाव येईपर्यंत एकदा उतरून दोरी तपासावी.

नमस्कार.